आधी काय केलं होतं?

आमच्या घाटाखाली कुणाला मोठा आजार निघाला की भेटायला आलेला माणूस थोडा वेळ गप्प बसतो, चहा घेतो आणि उठता उठता बोलून जातो, ‘मागच्या जन्माचं काही असन बाप्पा, नाही तर याच्यासारख्या माणसाले हे कायले व्हावं?’ बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. रोग्याच्या चांगुलपणाची तो साक्षच देत असतो. पण तो निघून जातो आणि ते वाक्य पलंगाशी राहतं.

माझ्या मित्राच्या पलंगाशी ते फार दिवस राहिलं. खामगाव-नांदुरा रस्त्यावर त्याचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं उधार देऊन पीक निघेपर्यंत शब्द न काढणारा दुकानदार म्हणून आसपासची गावं त्याला ओळखतात. शौचातून रक्त जात होतं, ते त्यानं मूळव्याध समजून अंगावर काढलं. इसबगोल झालं, चूर्णं झाली. वजन उतरलं तेव्हा घरचे म्हणाले, हंगामाची दगदग आहे. मग एका दिवशी पोट फुगून टणक झालं, वारा सरेना, उलट्या सुरू झाल्या. अकोल्याला नेलं. सीटी स्कॅनमध्ये दिसलं की मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठीनं वाट बंद केली आहे. रात्रीच शस्त्रक्रिया झाली. गाठीसकट आतड्याचा तुकडा काढला आणि वरचं टोक पोटावर आणून तिथं पिशवी लावली. बायोप्सीत कॅन्सर आला. जवळच्या लसिका ग्रंथींतही तो पोचला होता, म्हणजे तिसरी पायरी. आता केमो, आणि ती नीट पार पडली की आतडं पुन्हा जोडून पिशवी काढता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

शुद्धीवर आल्यावर तो दोन प्रश्नांनी पोखरला गेला. पहिला नातेवाइकांनी दिलेला: मी असं काय केलं होतं? दुसरा त्याचा स्वतःचा, आणि तो त्यानं मला एकट्याला विचारला. ‘हे पोटाले लटकवून मी आता शेगावच्या देवळात कसा जाऊ गड्या? पारायणाले कसा बसू?’

या प्रश्नांना मी पाठ थोपटून उत्तर देऊ शकलो नसतो. आम्ही दोघंही श्रद्धावान घरांतले. माघ वद्य सप्तमीला, शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनी, पारायणाला बसण्यात आमची वर्षं गेली आहेत. म्हणून उत्तर आमच्याच पोथीतून यायला हवं होतं, आणि ते पोथीत आहे. दासगणूंच्या ‘गजानन विजय’च्या तिसऱ्या अध्यायात जानराव देशमुखांच्या मरणांतिक दुखण्याची कथा आहे. महाराजांच्या तीर्थानं ते वाचतात, एवढंच आपण लक्षात ठेवतो. त्याच ठिकाणी दासगणू थांबून मृत्यूचे तीन प्रकार सांगतात: आध्यात्मिक, आधिभौतिक, आधिदैविक. पहिला कुणाला टळत नाही. पण शरीरात बिघाड होऊन रोगातून येणारा जो आहे, तो जाणत्या वैद्याच्या औषधानं टळू शकतो, असं पोथी स्वच्छ सांगते. ज्या पोथीच्या आधारानं लोक औषध सोडून अंगाऱ्यावर विसंबतात, तीच पोथी रोग्याला वैद्याकडं पाठवते. इतकी पारायणं करून हा भाग आपल्या कानांवरून कसा जातो, याचं मला दुःख होतं.

चरकसंहितेच्या विमानस्थानातही अग्निवेश गुरूंना हेच विचारतो, आयुष्य आधीच ठरलेलं असतं का? आत्रेय सांगतात, दैव आणि पुरुषार्थ दोन्ही मिळून आयुष्य ठरतं. सगळंच ठरलेलं असतं तर औषधाला अर्थच राहिला नसता. बुद्धाला सीवक नावाच्या परिव्राजकानं विचारलं होतं की माणसाला जे जे भोगावं लागतं ते पूर्वकर्माचंच फळ का. बुद्धानं आठ कारणं मोजली. पित्त, कफ, वात, तिघांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची आबाळ, बाहेरून झालेला घाव आणि आठवं कर्म. सगळं कर्मावर घालणारे आपल्याला जे ठाऊक नाही ते बोलतात, असा त्याचा निवाडा होता.

कर्माचा सिद्धान्त मी टाकून देत नाही. माझ्या हातून उद्या काय घडावं हे तपासायला मला त्याची गरज आहे. पण तो ज्यानं त्यानं स्वतःला लावायचा आहे. दुसऱ्याच्या पलंगाशेजारी बसून त्याच्या आतड्याला तो लावण्याचा अधिकार कुणाला नाही. लावणाऱ्याला मात्र त्यातून एक सोय होते: ‘त्यानं काही केलं म्हणून त्याला झालं’ असं ठरलं की ‘मला होणार नाही’ हे आपोआप ठरतं.

हीच वाट मला विमा कंपनीच्या पत्रात दिसली, तेव्हा मी हादरलो. दवाखान्यात भरती करताना मुलानं घाबऱ्या घाबऱ्या सांगितलं होतं, ‘तीन वर्षांपासून मूळव्याध आहे.’ केसपेपरवर तसं लिहिलं गेलं. कंपनीनं तेवढी ओळ धरली. आजार पॉलिसीच्या आधीपासून असावा आणि तो लपवला, म्हणून कॅशलेस नामंजूर. सोयाबीन भाव येईल म्हणून ठेवलं होतं, ते विकलं. वहिनींच्या पाटल्या गेल्या. नातेवाईक मागच्या जन्मात शोधत होते, कंपनी मागच्या वर्षांत. समोर पडलेल्या माणसाला आज काय हवं, हे दोघांनीही विचारलं नाही.

मी बँकेत कारकुनी केलेली आहे, कागदाला भीत नाही. पॉलिसी सहा वर्षं अखंड चालू होती. 1 एप्रिल 2024 पासूनच्या नियमानं सलग 60 महिने हप्ते भरलेल्या आरोग्य विम्यात कंपनीला आधीचा आजार किंवा लपवाछपवी हे कारण पुढं करता येत नाही. फसवणूक सिद्ध करावी लागते. शिवाय मूळव्याधीचा कॅन्सर होत नाही. रक्त दोन्हींत जातं, रोग वेगळे. हे डॉक्टरांकडून लिहून घेतलं आणि कंपनीच्या तक्रार कक्षाला पाठवलं. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडं जाता येतं, तिथं फी लागत नाही, हेही पत्रात लिहिलं. बऱ्याच हेलपाट्यांनंतर बिलाचा मोठा भाग मिळाला. केमो महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसली. वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, रेशनकार्ड आणि आधार लागतं, आणि योजनेतल्या दवाखान्यात बसणारा आरोग्यमित्र पुढची वाट सांगतो. ही कामं करताना मला कधी वाटलं नाही की मी पारायणापासून लांब गेलोय.

केमो उन्हाळ्यात आली. ऑक्झॅलिप्लॅटिन नावाच्या औषधानं गार वस्तूचा स्पर्श सोसवत नाही. पारा 44 च्या पुढं, अंगणात माठ, आणि त्याला कोमट पाणी. स्टीलचा पेला धरला तरी बोटांत झिणझिण्या. एकदा चुकून माठातल्या पाण्याचा घोट गेला तर घसा आवळल्यासारखा होऊन तो घाबरला. मग वहिनींनी त्याच्यासाठी पाणी वेगळं झाकून ठेवायला सुरुवात केली आणि त्याच्यासमोर घरातलं कुणीच माठाला हात लावेनासं झालं.

आता देवळाचा प्रश्न. मी त्याला पोथीचा पहिला अध्याय आठवायला सांगितला. बंकटलालांना महाराज पहिल्यांदा दिसले ते देविदास पातुरकरांच्या घराबाहेर, उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचून खाताना. तहान लागली तेव्हा गुरांसाठी ठेवलेलं पाणी ते प्यायले. बंकटलालांसोबतचे दामोदरपंत चांगलं पाणी आणायला धावले तेवढ्यात. गढूळ आणि निर्मळ दोन्हींत ब्रह्म एकच आहे, हे त्यांनी तिथंच समजावलं. ज्या संतानं गावाला पहिलं दर्शन असं दिलं, त्याच्या दारात एका पिशवीनं विटाळ होईल? पिशवीत जे आहे ते दर्शनबारीतल्या प्रत्येकाच्या पोटात आहे. याचं दिसतं, इतकंच.

मी त्याला विनयपिटकातली गोष्टही सांगितली. एक भिक्षू पोटाच्या विकारानं आपल्याच मलमूत्रात पडून होता. इतर भिक्षू फिरकत नव्हते. बुद्ध आणि आनंद यांनी त्याला स्वतःच्या हातांनी धुतलं, उचलून खाटेवर निजवलं, आणि मग बुद्धानं संघाला सुनावलं की ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्यानं रोग्याची करावी.

गोष्ट ऐकून तो काही बोलला नाही. त्या दिवशी पिशवी बदलायची होती आणि वहिनी माहेरी गेल्या होत्या. तोवर त्यानं मला त्या वेळी खोलीत थांबू दिलं नव्हतं. त्या दिवशी म्हणाला, ‘थांब.’ कोमट पाण्यानं कडेची कातडी पुसायची, पूर्ण कोरडी होऊ द्यायची, मापानं कापलेली चकती बसवून हात थोडा वेळ दाबून धरायचा. अवघड काही नाही. ते केल्यावर आमच्यातलं अंतर कमी झालं, हे दोघांनाही कळलं.

प्रकटदिनाच्या गर्दीत तो गेला नाही. डॉक्टरांनी संसर्गाच्या भीतीनं गर्दी टाळायला सांगितली होती. एका साध्या वारी सकाळी आम्ही शेगावला गेलो. बारीत उभा राहून त्यानं दर्शन घेतलं, महाप्रसाद घेतला. पुढं आतडं जोडलं गेलं, पिशवी गेली. आता दर तीन महिन्यांनी सीईए ही रक्ततपासणी आणि डॉक्टरांची भेट आहे. मलाच का, हा प्रश्न त्याला अजून पडतो. त्याचं उत्तर माझ्याकडं नाही, आणि मी ते देतही नाही.

पारायण सांगणाऱ्या सर्व मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे. पुढच्या प्रकटदिनी तिसरा अध्याय आला की क्षणभर थांबा. मृत्यूच्या तीन प्रकारांचा अर्थ साध्या बोलीत सांगा. आणि समोर बसलेल्यांना हेही सांगा की शौचातून रक्त जात असेल तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका, दवाखान्यात जाऊन तपासून घ्या.