सोळानंतर एकतीस

वर्तुळाच्या परिघावर २ बिंदू घेऊन जोडले की आत २ भाग पडतात. ३ बिंदू एकमेकांना जोडले की ४, चारांचे ८, पाचांचे १६. 'पुढची संख्या कोणती?' असं स्कॉलरशिपच्या परीक्षेत आलं तर कुणीही ३२ लिहील, आणि बहुधा गुणही मिळवील. प्रत्यक्षात ६ बिंदू घ्या, तीन जीवा आत एकाच ठिकाणी छेदणार नाहीत एवढं पाहा आणि भाग मोजा: ३१ भरतात. डोळ्यांना दिसतं तेवढंच प्रमाण मानणाऱ्या चार्वाकाचा अनुमानावरचा आक्षेप याच जातीचा आहे. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त तो येतो. समोरचा धूर दिसतो, अग्नी दिसतो. पण 'जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी' ही व्याप्ती कुणाला दिसली? मागचे-पुढचे सगळे धूर कोण पाहून आलंय? माझं म्हणणं असं, की नुसत्या आकड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यापुढे चार्वाक जिंकतो आणि वाढीचं कारण हाती लागलेल्यापुढे हरतो.

३१ का, ते पाहू. वर्तुळ मुळात एक भाग. प्रत्येक जीवा एक भाग वाढवते, आतला प्रत्येक छेद आणखी एक. जीवेला २ बिंदू लागतात, छेदाला ४. सहा बिंदूंत जोड्या १५ आणि चौकड्याही १५. म्हणून १ + १५ + १५. दुपटीने वाढणं हा या रचनेचा स्वभाव नव्हताच, पाच बिंदूंपर्यंत ते जमून गेलं. न्यायदर्शनाचे पंडित, म्हणजे नैयायिक, अशा आड दडलेल्या अटीला उपाधी म्हणतात. अग्नी आहे तिथे धूर असेलच असं नाही, त्याला ओलं सरपण लागतं. लालबुंद तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. उपाधी शोधायची तर उदाहरणांची संख्या वाढवून भागत नाही, रचनेच्या आत शिरावं लागतं.

असं आत शिरणं कसं असतं, याचं उदाहरण गणितातच आहे. आर्यभटाने 'आर्यभटीया'च्या गणितपादात (इ.स. ४९९च्या सुमारास) त्रिकोणी थरांच्या राशीचं, चितिघनाचं, सूत्र दिलं. वर १, खाली ३, मग ६, १०, १५: पाच थरांसाठी ५, ६ आणि ७ यांचा गुणाकार करून ६ने भागायचं, ३५ येतात. का येतात ते त्याने सांगितलं नाही; सूत्रकाराकडून तशी अपेक्षाही नसते. केरळातल्या नीलकंठ सोमयाजींनी (जन्म १४४४) भाष्यात अशी सूत्रं रचून दाखवायचं मनावर घेतलं. चौकोनी विटांच्या सहा राशी घ्या. तळाचे १५-१५ विटांचे सहा थर दोन-दोन जोडले की ५ × ६च्या तीन फरशा होतात. ५ × ६ × ७च्या पेटीच्या तीन बाजूंना त्या आतून लावल्या की मधे ४ × ५ × ६ची पोकळी उरते, आणि उरलेल्या राशी चार-चार थरांच्याच असतात. असंच आत आत जात पेटी भरते.

यावर कुणी म्हणेल, चित्र तर पाचच थरांचं आहे, शंभराव्या थराची हमी कुठली? पण वरच्या मांडणीत पाचाचं पाचपण कुठेच वापरलेलं नाही. शितावरून भाताची परीक्षा होते ती सगळा भात एकाच आधणात शिजलेला असतो म्हणून. दहा शितं चाचपली म्हणून नव्हे. याहून अवघड आक्षेप असा, की ही रास आपणच रचली, तिचा नियम आपणच घातला, मग तो सापडला यात नवल काय? हे मला मान्य करावं लागतं. धूर आणि अग्नी आपण रचलेले नाहीत. नैयायिक उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली'त चार्वाकाला उत्तर दिलं की उद्याच्या धुराविषयी शंका घ्यायची तर 'उद्या' आहे हेही अनुमानानेच गृहीत धरावं लागतं. शिवाय ज्याला शंका आहे तोही धुरासाठी अग्नीच पेटवतो. हे उत्तर शंकेखोराची कोंडी करतं खरं. पण धुराची व्याप्ती त्यातून विटांसारखी रचून हाती येत नाही, आणि तेवढ्यापुरता चार्वाकाचा दावा मला अजून निकालात निघालेला दिसत नाही.