उद्याचा अपराध

१९४४ च्या जुलैत गांधीजी विश्रांतीसाठी पाचगणीस राहिले होते. तेथे त्यांच्याविरुद्ध पुण्याच्या काही तरुणांनी निदर्शने केली. त्यांत नथुराम गोडसे होता व तो सुरा घेऊन धावला, असे पुढे काहींनी सांगितले. कपूर आयोगापुढे मात्र या साक्षींचा मेळ बसला नाही. तरीही ही गोष्ट निघाली की कोणीतरी हळहळतेच : “तेव्हाच त्याला कोंडून ठेवले असते तर!”

ही हळहळ मला समजते. पण तिच्यात आपण १९४८ चा उजेड १९४४ वर पाडतो. त्या दिवशी ते सारे तरुण न्यायासनापुढे उभे केले असते, तर उद्याचा मारेकरी कोणत्या खुणेवरून ओळखावयाचा? ओळखता येत नाही म्हणून सगळ्यांनाच कोंडावयाचे काय?

जामिनाच्या प्रत्येक अर्जात हाच पेच असतो. अपराध शाबीत व्हावयाचा असतो; प्रश्न असतो तो उद्याचा. हा पळून जाईल काय? साक्षीदारांना धमकावील काय? १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये घर, नोकरी, नातीगोती विचारून आरोपीला गुण देण्याची पद्धत निघाली. पैशाअभावी गरीब माणूस तुरुंगात राहू नये, हा तिचा हेतू. १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही अशाच गोष्टी पाहावयास सांगितल्या. आता अमेरिकेत कित्येक ठिकाणी ते गुण गणकयंत्र काढते. आपल्याकडे अजून जामीनदाराचा सातबारा मागतात. स्ट्रॉबेरीच्या मळ्यात परमुलखातून आलेल्या मजुराने तो कोणाचा आणावा?

पण गुण माणसाने द्यावेत की यंत्राने, हा गौण प्रश्न आहे. मुळात हिशोबच एकांगी आहे. सुटलेल्याने गुन्हा केला तर तो गावभर होतो. कोंडलेला निरुपद्रवी होता, हे मात्र कधीच कळत नाही. नीट वागून दाखविण्याची संधीच त्याला मिळालेली नसते. एक चूक बोलते, दुसरी मुकी राहते. म्हणून भिणारा न्यायाधीश कोंडण्याकडेच झुकतो. २०२२ च्या अखेरीस देशातील ५,७३,२२० बंदिवानांपैकी ४,३४,३०२ जण कच्चे कैदी होते.

साक्षीदाराला उघड धमकी देणाऱ्यास अडवावे, याबद्दल वाद नाही. परंतु केवळ भीतीपोटी दुसऱ्याचे आयुष्य गहाण टाकण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आणि पाचगणीची ती गोष्ट सांगताना आणखी एक विसरू नये. त्या वेळी गांधीजी स्वतःच नुकते कैदेतून सुटले होते. १९४२ च्या ऑगस्टपासून सरकारने त्यांना खटल्यावाचून आगाखान पॅलेसमध्ये ठेवले होते. महादेवभाई आणि कस्तुरबा तेथेच वारली. सरकारच्या अंदाजाने धोक्याचा मनुष्य तोच होता.