बरड वावर



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १३, सुरुवातीचे श्लोक. शरीराला ‘क्षेत्र’ म्हणायचं आणि त्या क्षेत्राला जो जाणतो त्याला ‘क्षेत्रज्ञ’ म्हणायचं, हे भगवंत इथे सांगतात. क्षेत्र म्हणजे शेत. आपण शहरातली मुलं हा शब्द वाचतो तेव्हा डोळ्यासमोर सपाट, हिरवंगार, ड्रोनमधून दिसतं तसं काहीतरी येतं. मला आज दुसरंच शेत दिसत होतं. थोडं लांबलचक होईल, पण आज ते सांगूनच टाकतो.

आमचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यात. पुसद डोंगरांनी वेढलेलं आहे, आणि आमचं वावर त्यातल्याच एका टेकडीच्या उतारावर. (आमच्याकडे शेताला वावर म्हणतात. पुण्यात हा शब्द वापरला की लोक हसतात.) वावराचे दोन भाग. नाल्याजवळचं खालचं काळं, आणि वरचं बरड. काळ्यात उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात हात कोपरापर्यंत जातो. बरडात टिकाव मारला की वीतभर खाली ‘टण्ण’ आवाज येतो. मुरूम. त्याखाली काळा पाषाण.

हा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून वाहिलेला लाव्हा. थरावर थर साचले आणि दख्खनचं पठार झालं. पुण्यात सिंहगड चढताना पायाखाली तोच दगड असतो. तो ऊन-पावसाने झिजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. पन्नास सेंटिमीटरच्या आत मुरूम किंवा खडक लागला तर मातीचे अभ्यासक त्या जमिनीला उथळ म्हणतात. आमचं बरड त्याच्या निम्म्यातही बसत नसेल.

आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. दगड इतका जुना असूनही त्यावरच्या या मातीची गणना शास्त्रात ‘नव्या’ मातीत होते, म्हणजे जिच्यात अजून धड थर तयार झालेले नाहीत अशी. मला वाटायचं, बरडात माती तयारच होत नाही, नापीक ते नापीक. तसं नाहीये. तिथेही दगड झिजतोच, दरवर्षी थोडी माती होतेच. पण उतार ती थांबू देत नाही. मृगाचा पहिला दणका बसला की ती खाली निघून जाते. कुठे जाते? नाल्याजवळच्या काळ्यात. खालचं वावर खोल आहे, कारण वरचं उथळ आहे. कितीतरी पिढ्या वरच्याची माती खाली जमा होत आली आहे.

आता मूळ मुद्दा.

दोन आठवड्यांपूर्वी आमच्या शनिवारच्या ऑनलाइन गीता-अभ्यासात कर्मफळाचा विषय निघाला. एकाने विचारलं, विदर्भातले शेतकरी इतके अडचणीत का? लगेच दुसऱ्याने लिहिलं, “पेरावं तसं उगवतं. हे जन्माचं नसेल तर मागच्या जन्माचं.” वाईट मुलगा नाही तो, रोज नेमाने पाठ करतो. खाली मी हात जोडलेला इमोजी टाकला. सवयीने. आणि मग रात्री झोप लागली नाही, कारण मला बरड वावरात उभे असलेले मोठे बाबा दिसत होते. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ.

१९९१ मध्ये घरात वाटणी झाली. जुने लोक वाटणी करताना एक शहाणपण वापरायचे, पट्टे उतारावरून खाली असे पाडायचे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडं बरड, थोडं काळं. आजोबा तेच करणार होते. मोठे बाबा म्हणाले, नको. धाकटा शिकतोय. बरड कोणी मक्त्याने घेत नाही, काळं घेतात. काळं सगळं त्याच्या नावावर करा, मक्त्याच्या पैशात त्याच्या फिया निघतील. तसंच झालं. माझे बाबा इंजिनिअर झाले, पुण्याला आले, मी इथे जन्मलो, माझी शाळा, माझं कॉलेज, हा लॅपटॉप ज्यावर मी हे टाइप करतोय, सगळं.

मोठ्या बाबांनी बरड कसलं. पाऊस आमच्याकडे अगदी कमी नाही, जिल्ह्याची सरासरी नऊशे मिलिमीटरच्या वर जाते. पण पडणं वेगळं आणि धरून ठेवणं वेगळं. पेरणी झाली, कोंब वर आले आणि मग पंधरा दिवस उघाड पडली, तर खालचं काळं पोटातलं पाणी पुरवून पुरवून पिकाला देतं. बरडाच्या पोटात काही नसतंच. आठव्या-दहाव्या दिवशी पानं माना टाकतात. तोच पाऊस, तेच बियाणं, एकाच दिवशी पेरलेलं.

तर मित्रांनो, ‘पेरावं तसं उगवतं’ हे वाक्य मला आता घशाखाली उतरत नाही. त्यात जमीन कुठे आहे?

गीतेत आहे. अठराव्या अध्यायात भगवंत कोणत्याही कर्माची पाच कारणं मोजतात : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे ज्यावर ते कर्म उभं आहे ती जागा. आचार्यांनी तिथे शरीर घेतलं आहे, आणि शरीर म्हणजेच क्षेत्र, हे आजच्या वाचनात आलंच. म्हणजे यादीत पहिला नंबर शेताचा! कर्ता दुसरा. आणि पुढे भगवंत स्पष्ट म्हणतात की एवढं असूनही जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. आपण हा श्लोक नेहमी यशस्वी माणसाच्या अहंकारावर लावतो, आणि ते बरोबरच आहे. पण तो दुसरीकडेही लागतो ना? हरलेल्या माणसाकडे बोट दाखवून “हे सगळं यानेच केलं” म्हणणाराही पाचातलं एकच कारण बघतोय.

तेराव्या अध्यायात तर याहून अवघड गोष्ट आहे. क्षेत्रात काय काय येतं याची यादी देताना भगवंत पंचमहाभूतं, इंद्रियं सांगतात, इच्छा-द्वेष, सुख-दुःख सांगतात, आणि त्यातच ‘धृती’ सांगतात. धृती, म्हणजे धीर, चिकाटी, टिकून राहण्याची ताकद. ती क्षेत्रात मोजली आहे. क्षेत्रज्ञात नाही! मी इथे बराच वेळ अडकलो. कारण माझ्याकडे शेवटचा एक बचाव होता : ठीक आहे, संधी मला आयती मिळाली, पण रात्र रात्र जागून अभ्यास तर मी केला ना? आणि भगवंत म्हणतात, ती जागण्याची ताकदसुद्धा शेताचाच भाग आहे. घरात शांतता होती, पोटात अन्न होतं, फी भरली जाईल याची खात्री होती. त्या खोल मातीत माझी चिकाटी रुजली. मोठ्या बाबांच्या मुलाची, माझ्या चुलतभावाची चिकाटी दहावीनंतरच्या एका कोरड्या वर्षात करपली. तो आळशी होता असं आमच्याकडे अजून बोललं जातं. मीही बोललो आहे.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणायलाच पाहिजे, की मग कोणाची काही जबाबदारीच उरत नाही. सगळं जमिनीवर ढकला आणि बसा. हा प्रश्न मी मोठ्या बाबांनाच फोनवर विचारला, अर्थात एवढ्या पंडिती भाषेत नाही. मी म्हणालो, “मोठे बाबा, बरडामुळेच सगळं कर्ज झालं ना?”

ते हसले. “बरडाले कायले दोष देतं बाप्पा? बरडावर पऱ्हाटी लावली मी. थे चूक माही हाय. बरड आपल्या जागी बरड हाय, थ्याले का मालूम माही उधारी?”

२००२ नंतर बीटी कापूस आला, शेजारच्या काळ्या वावरात बोंडं लगडली, यांनी ती बघितली. महाग बियाणं, खत, फवारणी, सगळं बरडात ओतलं. मुळं मुरमाला टेकली आणि थांबली. ज्वारी, तूर, तीळ, काही भाग गवताला सोडलेला, हे बरडाला मानवतं, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. पण ज्वारीला भाव नव्हता आणि लग्नाला आलेली मुलगी होती. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होतं. यांचं कर्ज सावकाराचं. ते कागदावरच नव्हतं.

तर ते स्वतःची चूक स्वतः उचलतात. मला ती त्यांच्या अंगावर टाकण्याचा हक्क आहे का? मला वाटतं, नाही. एकच वाक्य, “चूक माझी”, हे त्यांच्या तोंडी असलं की ते क्षेत्राला जाणणं आहे. माझ्या तोंडी “चूक त्यांची” झालं की तो फक्त माझ्या खोल मातीचा गर्व आहे. भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगायला लागतात तेव्हा पहिलंच लक्षण अमानित्व आहे, मोठेपणा न मिरवणं. पहिलंच. मी ती यादी पाठ केली होती, एका स्पर्धेत बक्षीसही घेतलं होतं. (बक्षीस कपाटावर समोरच दिसेल असं ठेवलंय. असो.)

हे सगळं आत्ताच का सुचतंय, तेही सांगतो, नाहीतर हे चिंतन खोटं होईल. खालच्या काळ्या वावराला गिऱ्हाईक आलं आहे. भाव चांगला आहे. बाबा म्हणतात विकू, तुझ्या फ्लॅटचं डाउन पेमेंट होईल. सातबारा बाबांच्या नावावर आहे, कायद्याने प्रश्नच नाही. मोठ्या बाबांना विचारलं तर ते म्हणाले, “तुमचं हाय, इका.” त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. मी मात्र त्यानंतर तीन रात्री सातबाऱ्याचा फोटो मोबाइलवर मोठा करून बघतोय. त्यात क्षेत्र लिहिलंय, हेक्टर-आरमध्ये. माती कुठून आली ते लिहायला रकाना नाही.

काल रात्री बाबांशी बसून बोललो. रागावले. “तू भावनेच्या भरात बोलतोयस, तुला फ्लॅट नको का?” हवाय हो. खोटं कशाला बोलू, घरमालक दर अकरा महिन्यांनी भाडं वाढवतो. पण मी त्यांना विचारलं, तुमच्या फिया कुठून आल्या होत्या? ते बराच वेळ गप्प बसले आणि मग उठून देवापुढचा दिवा लावायला गेले, संध्याकाळ होऊन गेली होती तरी.

विकायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. एक गोष्ट मात्र ठरली. गावाजवळच्या पाझर तलावात गाळ साचला आहे. तो गाळ म्हणजे आमच्यासारख्याच बरडांची वाहून गेलेली माती. सरकारची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे. तलाव आटला की गाळ काढतात आणि शेतकरी तो वावरात नेऊन पसरतात. उथळ जमिनीत तो पडला की पाणी धरून ठेवायला काहीतरी मिळतं. मोठ्या बाबांना हे माहीत होतं, फक्त ट्रॅक्टरच्या भाड्याला पैसे नव्हते. बाबा सकाळी चहा घेताना एवढंच म्हणाले, “दादाला विचार, किती ट्रॉल्या लागतील.”

मी फोन केला. मोठे बाबा म्हणाले, आधी धुऱ्यावर दगडाची ताल घालावी लागेल, नाहीतर पहिल्याच पावसात गाळ पुन्हा खाली तुमच्याच वावरात येईल. आणि मोठ्याने हसले. एप्रिलमध्ये तलाव आटतो, तेव्हा मी चार दिवस सुट्टी काढून जाणार आहे. शनिवारच्या ग्रुपवर त्या संदेशाखालचा माझा इमोजी आज सकाळी काढून टाकला आणि त्या मित्राला स्वतंत्र फोन केला. तो म्हणाला, “मी पण येऊ का?”

राम कृष्ण हरी.