गाडीपुढचं लोखंड

आमच्या भागात बोलेरो असो की पिकअप, पुढं जाड पाइपांचं गार्ड बसल्याशिवाय मालकाला ती पुरी झाली असं वाटत नाही. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: "रोही आडवा आला त काय करता भाऊ?"

उत्तर खोटं नाही. बुलडाण्याहून खामगावला जाणारा बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. १९९७ साली जाहीर झालेलं हे सुमारे २०५ चौरस किलोमीटरचं जंगल. अस्वल, बिबट्या, रोही, रानडुक्कर, सगळे इथं. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरचा एक वाघ कित्येक शिवारं आणि रस्ते ओलांडत इथंच पोचला होता. रोही कळपानं निघतो. पहिला गेला, सुटलो म्हणावं, तर दुसरा दिव्यांवर येतो. वाढलेला नर दोनशे किलोच्या पुढचा. सोयाबीन घेऊन निघालेल्याचा रेडिएटर आडरानात फुटला, तर ती रात्र, तो माल आणि त्या महिन्याचा हप्ता, सगळंच अडकतं. म्हणून गार्ड लावणाऱ्याला मी निर्दयी म्हणणार नाही.

पण धडकेचा मार कुठंतरी जातोच. कंपनी गाडीचं नाक चेपेल असं मुद्दाम ठेवते; ते चेपतं आणि मार पितं. त्यापुढं पाइप लावून तो चासीला घट्ट जोडला की हे पिणं थांबतं. थोडा मार चासीतून आत बसलेल्यांकडे येतो, एअरबॅगचंही गणित बिघडू शकतं, आणि समोरच्याला तर मऊ पत्र्याऐवजी लोखंडच भेटतं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना कळवलं की असं गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे. आमच्याकडे लोक ऐकतात, "बरं" म्हणतात आणि पाइप वाढवून घेतात.

समोरचा म्हणजे रोहीच, हे मात्र आपणच धरून चाललो. रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाइट पुष्कळदा रात्रीची. माणूस घोंगडं पांघरून, बॅटरी पायापुढं धरून रस्त्याच्या कडेनं शेतात जातो. कोणी रोही-डुकरं हाकलायला जागलीला निघालेला असतो. लोखंडाला हा फरक कळत नाही. गंमत अशी, की दिवसा गार्डमागं बसणारा आणि रात्री गार्डपुढं चालणारा, बरेचदा एकच. गार्ड जोडून देणाऱ्या एका वेल्डिंगवाल्याचंही तीन एकर आहे. तो म्हणाला, "गाडीचे दिवे दिसले का म्या आधी रस्त्याच्या खाली उतरतो. गार्ड म्याच बसवेल असते ना."

माझ्या एका शेजाऱ्याशी यावरून वाद झाला. तो म्हणाला, "गाडीत लेकरं असतात माझे. मी जनावराचं पाहू का त्याहिचं?" याला उत्तर देताना माणसानं जरा थांबावं. लेकरांचं आधी पाहायचं, यात वादच नाही. पण लेकरं वाचवायचा खर्च कोणी द्यायचा? गार्डमध्ये तो समोरच्याच्या हाडांतून वसूल होतो, आणि त्या समोरच्याचीही लेकरं घरी झोपलेली असतात. वेग निम्मा केला तर धडकेचा मार चौथाईवर येतो, आतल्याचाही आणि बाहेरच्याचाही. हा खर्च मात्र आपल्या खिशातला, वेळेचा. म्हणून तो जड वाटतो. शेजारी हसला. "हळू चालवायले टाइम कोनाजवळ हाय?"

हिशेब करून पाहिला. जंगलातले वीस किलोमीटर धरले आणि ऐंशीऐवजी चाळीसनं काढले, तर पंधरा मिनिटं जास्त लागतात. तेवढ्यात खामगावच्या मार्केटात सोयाबीनचा भाव पडलेला मी तरी पाहिला नाही.