बंदिवानाची भेट

तुरुंगांतील मनुष्यास भेटावयास जाणें अथवा त्यास पत्र पाठविणें हें कर्तव्य आहे कीं निव्वळ दया, हा प्रश्न आपल्या सुशिक्षित घरांतून क्वचितच मोकळेपणानें विचारला जातो. याचें एक कारण असें, कीं आपल्या मनांतील बंदिवानाची मूर्ति बहुधा देशभक्ताची असते. लोकमान्य टिळकांस १९०८ सालीं सहा वर्षांची शिक्षा झाली. ते मंडालेच्या तुरुंगांत असतांनाच १९१२ सालीं त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई निवर्तल्या. भाचे धोंडोपंत विद्वांस यांस त्यांनीं तेथून लिहिलेलीं पत्रें आपण आदरानें वाचतों. अशा कैद्याशीं नातें सांगण्यांत भूषणच वाटतें. पण चोरी, अफरातफर वा खून यांपायीं आंत गेलेला भाऊ असला म्हणजे घरांत त्याचें नांव घेणें बंद होतें, आणि तो परगांवीं नोकरीस आहे असें शेजाऱ्यांस सांगण्यांत येतें. नीतीची खरी कसोटी या दुसऱ्या घरीं लागते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. ज्याचें नुकसान झालें त्याच्या दारीं कोणी जात नाहीं, आणि अपराध्याकडे मात्र आपुलकीचीं पत्रें जावींत, हा न्याय कोठला? भेटीस जाणें म्हणजे अपराधावर पांघरूण घालणें नव्हे काय?

आक्षेपाचा पूर्वार्ध मान्यच केला पाहिजे. पीडिताची विचारपूस हें आधींचें ऋण आहे, आणि तें फेडलें नसेल तर फेडावें. परंतु उत्तरार्ध टिकत नाहीं. न्यायालय स्वातंत्र्य हिरावून घेतें. भाऊपण किंवा मित्रपण काढून घेण्याचा अधिकार समाजानें त्यास दिलेला नाहीं. शिवाय पश्चात्तापास कोणी तरी साक्षी लागतो. ज्याच्यापुढें मान खालीं घालावी असा माणूसच उरला नाहीं, तर अपराध्यास लाज वाटावी तरी कोणाची?

शिक्षेची ही मर्यादा आपल्या न्यायालयांनींही ओळखली आहे. प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनीं मुंबईच्या तुरुंगांत स्थानबद्ध असतां अणुविज्ञानावर एक मराठी पुस्तक लिहिलें. तें प्रकाशनार्थ पत्नीकडे पाठविण्यास सरकारनें परवानगी नाकारली. परंतु स्थानबद्धतेच्या अटींत नसलेला हा निर्बंध सर्वोच्च न्यायालयानें १९६५ सालीं अमान्य केला. पुढें १९८१ सालीं फ्रान्सिस कोरॅली मलिन यांच्या खटल्यांत, कुटुंबीयांस व मित्रांस भेटणें हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असें त्याच न्यायालयानें ठरविलें. तथापि न्यायालय फक्त दार उघडूं शकतें. त्या दारानें आंत जाणारा मनुष्य तें कोठून आणणार? आणि २०२२ अखेर आपल्या देशांतील दर चार बंद्यांपैकीं सुमारें तिघे न्यायाधीन होते, म्हणजे त्यांच्या खटल्याचा निकाल अजून लागावयाचा होता. त्यांच्याविषयीं तर वरचा आक्षेप काढतांच येत नाहीं.

भेटीची वेळ थोडी असते, आणि ती वकील, जामीन व पैसे यांतच सरते. जाळीपलीकडून किंवा कांचेपलीकडून, शेजारीं दहा जण बोलत असतां, मनांतलें बोलणें होत नाहीं. पत्राचें तसें नाहीं. तें आधीं तुरुंगाधिकारी वाचतो हें खरें. पण बंदिवानास तें पुन्हां पुन्हां वाचतां येतें. त्यांत उपदेश किंवा खोटी आशा न घालतां घरचें साधें वर्तमान लिहावें: आईची गुडघेदुखी, मुलाची परीक्षा, पावसांत गळणारें छप्पर. 'तुझें कांहीं चुकलें नाहीं' असें लिहूं नये. 'तूं आमचा नाहींस' असेंही लिहूं नये. या दोहोंमधली वाट अरुंद असली तरी चालण्याजोगी आहे.

अर्थात् ज्या पत्नीनें त्याचा मार सोसला, तिच्यावर या कर्तव्याचा भार कोणीं घालूं नये. तिनें न जाणें हाही न्याय्यच निर्णय होय. मात्र उरलेल्या भावांनीं व मित्रांनीं तिच्या आड लपूं नये.

शिक्षा संपली म्हणजे मनुष्य समाजांत परत येतो, असें आपण म्हणतों. प्रत्यक्षांत त्यास परतावयाचें असतें तें एखाद्या घरीं. तसें घर कोठें उरलें आहे कीं नाहीं, हें मधल्या वर्षांतील भेटी आणि पत्रें ठरवितात.