गरजवंत परजीवी

देवी किंवा गोवर एकदा येऊन गेला की माणूस जन्माचा सुटतो. हिवतापात तशी सुटका नाही. आफ्रिकेतल्या हिवतापाच्या मुलखात लहानपण तरून गेलेल्यांना पुढे ताप कमी चढतो, इतकेच. दरवर्षी गाठ पडूनही शरीर या शत्रूला पुरते ओळखत कसे नाही?

ते ओळखते, पण भलत्याच गोष्टीवरून. प्लास्मोडियम फाल्सिपेरम हा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की तिच्या पृष्ठभागावर पीएफईएमपी-१ हे प्रथिन आणून ठेवतो. त्याच्या जोरावर ती पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चिकटून राहते आणि प्लीहेत जाऊन नष्ट होण्याचे टळते. बाहेर काही ठेवले की ते प्रतिपिंडांना दिसणारच. म्हणून या प्रथिनाची सुमारे ६० जनुके परजीवीजवळ असतात आणि एका वेळी त्यांतले बहुधा एकच चालू असते. शरीराने एक सोंग ओळखेपर्यंत बहुरूप्याने दुसरे चढवलेले असते. मात्र गर्भवतीच्या वारेला चिकटायचे तर व्हीएआरटूसीएसए हा एकच प्रकार चालतो. तिथे सोंग जागेला बांधलेले आहे, म्हणून पहिल्या खेपेस बेजार झालेली बाई पुढच्या बाळंतपणांत बरीच सावरते.

म्हणजे परजीवीला पर्याय नाही तिथे तो सापडतो. २०११ साली केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेतल्या संशोधकांनी अशी एक जागा दाखवली. तांबड्या पेशीत शिरताना आरएच-५ हे प्रथिन पेशीवरच्या बेसिजिनला धरते. फाल्सिपेरमला दुसरी वाट नाही, आणि या प्रथिनात फारसा बदलही परवडत नाही. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात; इथे गरजवंताला सोंगही घेता येत नाही. पण एका पेशीतून फुटून दुसरीत शिरेपर्यंत परजीवी जेमतेम मिनीट-दोन मिनिटे उघड्यावर असतो. त्यामुळे वर्षानुवर्षे हिवताप सोसलेल्यांच्या रक्तातही आरएच-५ विरुद्धचे प्रतिपिंड थोडेच आढळतात. मला यातली खरी मेख ही वाटते. रोगातून उठलेल्याचे शरीर जे शिकले त्याचीच नक्कल करणे, ही लसीची जुनी रीत. इथे शरीर शिकलेच नाही ते त्याला शिकवायचे आहे.

वापरात आलेल्या दोन्ही लसी आधीच्या टप्प्यावर, डासाने टोचलेल्या परजीवीच्या, म्हणजे स्पोरोझोइटच्या, सीएसपी या प्रथिनावर नेम धरतात. आरटीएस,एस या लसीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिफारस केली. ऑक्सफर्डमध्ये घडलेल्या आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या आर-२१ ची २०२३ मध्ये. त्यांमुळे मुले वाचतात, यात शंका नाही. पण एक स्पोरोझोइट निसटून यकृतात पोचला तरी त्याचे हजारो होतात, आणि रक्तात उतरलेल्या त्या पिलावळीवर सीएसपीविरुद्धचे प्रतिपिंड निरुपयोगी. शिवाय ते ओसरतात. म्हणून तीन डोसांनंतर चौथा.

आरएच-५ ची लस बुर्किना फासोतल्या ५ ते १७ महिन्यांच्या मुलांना देऊन पाहिली, तेव्हा डोसांतले अंतर वाढवलेल्या गटात सहा महिन्यांत सुमारे ५५ टक्के संरक्षण मिळाले. एकट्याने हे पुरेसे नाही. माझ्या मते पुढची लस एका प्रथिनाची असू नये: यकृताच्या वाटेवर सीएसपी आणि तिथून निसटलेल्यांसाठी रक्तात आरएच-५, असे दोन्ही एकाच सुईतून जायला हवे.