दुःख चव्हाट्यावर मांडावे का?

आपले दुःख घराच्या चार भिंतींत ठेवावे, ही आपल्या समाजाची जुनी शिकवण. शोक चव्हाट्यावर मांडणाऱ्याकडे आपण काहीशा संशयानेच पाहतो. कोविडच्या साथीत आणि तिच्यानंतर मात्र देशोदेशीच्या सामान्य माणसांनी आपले अनुभव भिंतींवर रंगवले, कापडावर शिवले, निशाणांवर लिहिले. याला कला म्हणावे की दुःखाचे प्रदर्शन? आणि पाहणाऱ्याने त्यातून काय घ्यावे? या प्रश्नांचा थोडा विचार व्हावा, असे आम्हांला वाटते.

साथीची स्मृती जतन करण्याची रीत नवी नाही. १५७६ साली प्लेगने ग्रासलेल्या व्हेनिसच्या शासनसभेने नवस केला आणि पल्लाडिओच्या आराखड्यानुसार रेदेन्तोरे हे भव्य चर्च उभे राहिले. आपल्याकडे १८९६ च्या प्लेगनंतरच्या वर्षांत वांद्र्यासारख्या मुंबईतील गावठाणांत लोकांनी क्रूस उभारले. त्यांपैकी कित्येक क्रूसांपाशी आजही प्रार्थना होते. चर्च राज्यकर्त्यांनी बांधले, क्रूस रहिवाशांनी. तरी दोहोंत एक साम्य आहे. त्यांत साऱ्या समाजाची याचना आणि कृतज्ञता आहे. कोणत्या घरातली आई गेली, कोणाचे लेकरू गेले, हे तो दगड सहसा सांगत नाही.

ही उणीव एका गोधडीने भरून काढली. एड्सने मृत्यू पावलेल्यांचे नाव घेण्याचीही जेव्हा लाज वाटत होती, तेव्हा अमेरिकेतील त्यांच्या आप्तांनी व मित्रांनी प्रत्येकासाठी तीन फूट रुंद व सहा फूट लांब, म्हणजे साधारण थडग्याएवढा, कापडाचा तुकडा शिवला. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी असे १,९२० तुकडे वॉशिंग्टनच्या मैदानावर अंथरले गेले. हे दुःख घरातच ठेवले असते, तर ते सभ्यपणाचे ठरले असते की अन्यायाचे? ज्याचे नाव समाजाने टाकले, त्याचे नाव समाजासमोरच घ्यावे लागते.

कोविडच्या काळात दुःख घरात राहिले, ते शोक करणाऱ्याच्या इच्छेने नव्हे. रुग्णालयात आप्तांना प्रवेश नव्हता. २०२० साली आपल्या देशात अंत्यविधीला वीसच माणसांची मुभा होती. खांदा देणारे, रात्र जागवणारे, नुसतेच जवळ बसून राहणारे, सारेच दुरावले. शोक हा खाजगी असतो असे आपण म्हणत आलो. पण तो चारचौघांच्या आधारावर उभा असतो, हे तेव्हा कळले.

लंडनमध्ये २९ मार्च २०२१ पासून मृतांच्या कुटुंबीयांनी व स्वयंसेवकांनी थेम्सकाठच्या सुमारे अर्धा किलोमीटर लांब भिंतीवर लाल हृदये रंगवली, ती या अर्थाने पाहावीत. एका मृत्यूमागे एक हृदय, अशी थोड्याच दिवसांत सुमारे दीड लाख हृदये झाली. कित्येकांत लोकांनी आपल्या हाताने नावे लिहिली. ज्यांना निरोप घेता आला नाही, त्यांनी तो भिंतीपाशी घेतला. नदीपलीकडे पार्लमेंटची इमारत आहे. म्हणजे तो निरोप होता, तशीच जाब विचारणारी साक्षही.

तरी संशय पुरता फिटत नाही. चित्र पाहून डोळे ओलावले म्हणजे कर्तव्य संपले, असे मानण्याचा मोह मोठा असतो. शिवाय ज्यांच्या हाती कुंचला येत नाही, त्यांचे काय? ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड येथे, गावाकडे पायी निघालेले १६ मजूर रुळांवर झोपले असता मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. त्यांना रोगाने मारले नव्हते. त्यामुळे साथीच्या बळींच्या कोणत्याही यादीत ते बसत नाहीत. पण साथीची कहाणी त्यांच्याविना सांगितली, तर ती खरी ठरेल काय? म्हणून अशा कलेला आम्ही पहिली कसोटी हीच लावू: आपल्याहून दुबळ्याचे नाव लिहिण्यास तिथे जागा आहे काय?

दुसरी कसोटी त्या भिंतीनेच शिकवली. पहिली हृदये ज्या लेखण्यांनी रंगवली, त्यांचा रंग उन्हापावसात फिका पडू लागला. तेव्हापासून स्वयंसेवक दर आठवड्याला तेथे जातात, पुसट हृदये टिकाऊ रंगाने पुन्हा भरतात, पुसलेली नावे पुन्हा लिहितात. त्यांतले पुष्कळ स्वतः शोकग्रस्त आहेत. पण आपल्या माणसाच्या हृदयाशेजारची अनोळखी हृदयेही ते तितक्याच निगुतीने रंगवतात.

दुःख चव्हाट्यावर मांडावे काय, या प्रश्नाचे उत्तर आम्हांला इथे सापडते. केवळ पाहिले जावे म्हणून मांडलेले दुःख लवकरच शिळे होते. दुसऱ्याचे दुःख सांभाळता यावे म्हणून जो आपलेही उघडे करतो, तो प्रदर्शन करीत नाही. तो शेजारधर्म पाळतो. आपल्या वाडीत, आपल्या धर्मग्रामात त्या दोन वर्षांत जे गेले, त्यांची नावे कोणी लिहिली आहेत काय? आणि लिहिली असतील, तर ती फिकी पडल्यावर पुन्हा कोण लिहिणार आहे?